एका बापाच्या दोन लेकी



मागच्या आठवड्यात आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम निघालं होतं. बियाण्याच्या शेंगा हातानंच फोडाव्या लागतात. यंत्रात घातल्या तर दाणा दुखावतो आणि मग उगवण कमी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुण्याला असणारी आमची पुतणी चार दिवस गावी आली होती. ती म्हणाली, "आत्या, हात तुझे कामात असतात, पण डोळे रिकामेच असतात ना? एक मालिका दाखवते." तिनं आपला लॅपटॉप ओसरीवरच्या पोत्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघी शेंगा फोडत फोडत बघायला बसलो.

मालिका परदेशातली. त्यातलं इंग्रजी आयर्लंडच्या धाटणीचं, निम्मं माझ्या डोक्यावरून जाणारं. पुतणी मधून मधून सांगायची. अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहाच भाग. संध्याकाळी शेवटचा भाग संपला तेव्हा पोतं रिकामं झालं होतं, पण माझं मन मात्र भरून आलं होतं. म्हणून म्हटलं, या खेपेला तुमच्याशी याच मालिकेविषयी बोलावं. मालिकेचं कौतुक करणं एवढाच काही माझा हेतू नाही. तिच्यातला प्रश्न आपल्याही कितीतरी उंबरठ्यांवर येऊन उभा राहतो, आणि आपण दार लावून घेतो, म्हणून हे लिहिते आहे.

मालिकेचं नाव 'सिस्टर्स', म्हणजे बहिणी. २०२३ साली ती आली. कॅनडा देशातली सारा गोल्डबर्ग आणि आयर्लंडची सुझन स्टॅन्ली या दोन नट्यांनी मिळून ती रचली, लिहिली, आणि मुख्य कामंही त्यांनीच केली. दोघी लंडनच्या नाट्यशाळेत शिकताना एकमेकींच्या मैत्रिणी झालेल्या. रक्ताचं काही नातं नाही, एक समुद्राच्या या काठची, तर दुसरी पलीकडची. अशा दोन मैत्रिणींनी बहिणींची गोष्ट लिहिली आहे.

गोष्ट अशी. कॅनडात राहणाऱ्या सेअरची आई वारते. आईच्या जाण्याबरोबर तिला कळतं, की आपला खरा बाप निराळाच आहे आणि तो आयर्लंडमध्ये असतो. आता विचार करा, पस्तिशीच्या आसपासची बाई, तिचं सारं आयुष्य एका समजुतीवर उभं राहिलेलं, आणि एका दिवसात खालची जमीन सरकली. ती उठते, विमानात बसते आणि बापाला भेटायला डब्लिन शहर गाठते. तिथं तिला बाप भेटत नाही. भेटते सूझ. ही त्याच बापाची दुसरी लेक. आई वेगळी, बाप एकच. या दोघींना एकमेकींचा पत्ताच नव्हता.

बाप दारूच्या नादी लागलेला. घरी नाही, दारी नाही. मग या दोघी मिळून त्याला शोधायला निघतात. आणि कशात म्हणाल? आइस्क्रीम विकायच्या एका डागडुजी केलेल्या गाडीत! आपल्याकडे उन्हाळ्यात घंटा वाजवत गारेगारवाला येतो ना, त्याच्या गाडीची ही थोरली बहीण समजा. त्या गाडीतून दोघी आयर्लंडच्या पश्चिम अंगाला निघतात. तिकडे दगडी बांधांची लहान लहान शेतं, मेंढ्या, सतत भुरभुरणारा पाऊस आणि खवळलेला समुद्र. एवढ्या गंभीर कामाला निघालेल्या दोन बायका आणि खाली ती पोरांना भुलवणारी गाडी. बघणाऱ्याला हसू येतं, पण हसताना घशात काही तरी अडकतं.

ही मालिका हसवणारी आहे की रडवणारी, असं पुतणीला मी विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही." मला ते पटलं. आपल्या घरातसुद्धा मयताच्या तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बोलण्यावर सगळे हसतात आणि मग एकदम गप्प होतात. दुःखाचं आणि हसण्याचं घर एकाच आढ्याखाली असतं.

आता तुम्ही म्हणाल, बाप हरवतो, लेकरं शोधतात, ही तर जगात कुठंही घडणारी गोष्ट. मग आयर्लंडच कशाला? तर मंडळी, त्या देशाला माणसं हरवण्याची आणि शोधण्याची जुनी सवय आहे, आणि तिची सुरुवात झाली ती शेतातून. म्हणून ते थोडं सांगते.

आयर्लंडचा गरीब शेतकरी शंभर-दोनशे वर्षांपूर्वी बटाट्यावर जगत होता. जमीन बहुतेक मोठ्या जमीनदारांची, यांच्या वाट्याला खंडाचा लहानसा तुकडा. त्या तुकड्यात कुटुंबाचं पोट भरेल असं पीक म्हणजे बटाटा. त्यातही बहुतेकांकडे एकाच वाणाचा. १८४५ साली त्या पिकावर करपा पडला. आपले बटाटा लावणारे शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात, तोच हा रोग. हिरवं रान काही दिवसांत काळं पडलं आणि जमिनीतला बटाटा सडला. पुढची काही वर्षं हेच चाललं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं होती, ती १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. आश्चर्य वाटेल, पण त्या बेटाची वस्ती आजही १८४१ इतकी भरलेली नाही.

गेलेली माणसं अमेरिकेला गेली, कॅनडाला गेली. जहाजातच कित्येक दगावली. कॅनडात क्वेबेक शहराच्या अलीकडे नदीच्या पात्रात ग्रोस-ईल नावाचं बेट आहे. तिथं रोग्यांना उतरवून ठेवत. एकट्या १८४७ साली तिथं पाच हजारांवर माणसं पुरली गेली. त्यांची पोरकी पोरं तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या घरांनी सांभाळली, आणि त्यातल्या पुष्कळांनी आपलं आयर्लंडचं आडनाव तेवढं टिकवलं. अन्न दुसऱ्याचं, भाषा दुसऱ्याची, पण नाव आपल्या बापाचं. कॅनडातून बापाच्या शोधात आयर्लंडला येणारी सेअर मला त्या वाटेवरूनच उलट चालत आल्यासारखी वाटली.

ज्या घरातलं पोर परदेशी निघायचं, त्या घरात आदल्या रात्री सगळं गाव जमायचं. मयताच्या घरी रात्र जागवतात तशी ती रात्र जागवायची. त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत. जाणारं पोर जिवंत, समोर बसलेलं, आणि आई मात्र त्याला गेलेलंच समजून रडते आहे. कारण ते पुन्हा दिसणार नाही, हे तिला ठाऊक असायचं. आणि बहुतेकदा तसंच व्हायचं.

मग शोध कसा घ्यायचा? अमेरिकेत बोस्टन शहरातून 'पायलट' नावाचं एक पत्र निघत असे. त्यात १८३१ पासून १९२१ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षं, हरवलेल्या आयरिश माणसांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत. माणूस कुठल्या परगण्यातला, कोणत्या साली जहाजात बसला, शेवटचा ठिकाणा कोणता, एवढं द्यायचं आणि खाली शोधणाऱ्याचं नाव. भाऊ भावाला शोधायचा, आई लेकाला शोधायची, आणि पुढे कमवायला गेलेल्या नवऱ्याला बायको शोधायची. नवरा खरंच हरवला असेल, मेला असेल, की दुसरं घर मांडून बसला असेल, ते त्या बाईला कसं कळणार? आपल्याकडेही नवरे गिरणीत नाही तर गोदीत मुंबईला गेले आणि परतलेच नाहीत. त्यांच्या बायका कोकणात आणि घाटावर अशाच वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्यासाठी कुणी जाहिरातसुद्धा छापली नाही.

ही झाली जुनी गोष्ट. पण आयर्लंडमध्ये माणसं दडवली जाण्याचं कारण पुढच्या काळात निराळं झालं. तिथला समाज धर्माच्या बाबतीत कडक. लग्नावाचून आई झालेल्या मुलीला घरात थारा नसे. तिला एका आश्रमात नेऊन ठेवत. मूल झालं की ते दत्तक देत, आणि त्या मुलीनं पुढे तोंड मिटून राहायचं. या आश्रमांची सरकारनं चौकशी केली, तिचा अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. चौकशीतल्या अठरा ठिकाणी मिळून १९२२ ते १९९८ या काळात सुमारे ५६ हजार माता आणि ५७ हजार मुलं राहून गेली होती, आणि त्यातली सुमारे ९ हजार मुलं तिथंच दगावली होती. देशाच्या पंतप्रधानांनी सगळ्यांच्या समोर माफी मागितली.

घटस्फोटाचीही तीच तऱ्हा. १९९५ पर्यंत त्या देशात घटस्फोटाला परवानगीच नव्हती. त्या वर्षी लोकांचं मत घेतलं, सोळा लाखांवर मतं पडली, आणि परवानगीच्या बाजूनं निकाल लागला तो अवघ्या नऊ हजार मतांनी. कायद्यानं लग्न मोडता येत नाही म्हणून लग्नं मोडायची थोडीच राहतात? माणूस घर सोडून जायचा, दुसरीकडे राहायचा, तिथं मुलं व्हायची, आणि एका घरच्या मुलांना दुसऱ्या घरच्या मुलांविषयी कुणी चकार शब्द काढायचं नाही. लग्नाच्या आणि लग्नाबाहेरच्या मुलांत कायद्यानं भेद करायचा नाही, हे त्या देशानं १९८७ च्या कायद्यानं ठरवलं. आणि दत्तक गेलेल्या मुलाला स्वतःच्या जन्माचा दाखला बघण्याचा पुरा हक्क मिळाला तो २०२२ साली. आपला जन्म कुणाच्या पोटी झाला हे कळायला माणसाला कायद्याची वाट बघावी लागली!

हे सगळं माहीत असलं की मग सेअर आणि सूझ यांची गोष्ट केवळ दोन बायकांची राहत नाही. एका अख्ख्या देशानं झाकून ठेवलेलं पेटाऱ्याचं झाकण थोडं उघडलं, असं वाटतं. तरी मालिका काही व्याख्यान देत नाही. ती आपली त्या गाडीतून धावते, दोघी भांडतात, रुसतात, चुका करतात, आणि आपण हसतो.

आता माझ्या मनाला जे लागलं ते सांगते.

लांबून आलेल्या लेकीला वाटतं, बाप मिळाला तो हिला. ही त्याच्या गावात वाढली, हिला त्याचं नाव ठाऊक, हिला त्याचा चेहरा ठाऊक. आपल्याला काहीच नाही. आणि जवळच्या लेकीला ठाऊक असतं, की बाप म्हणून आपल्या पदरात नेमकं काय पडलं. दारू, वाट बघणं आणि लोकांपुढे खाली घातलेली मान. दूरची म्हणते, तुझ्याकडे भाकरी होती. जवळची म्हणते, बाई गं, टोपल्यावर फडकं होतं, खाली भाकरी नव्हतीच. दोघी उपाशी, आणि दोघी एकमेकींना जेवलेली समजतात. मला वाटतं, सावत्र म्हटल्या जाणाऱ्या बहिणींच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथंच आहे.

विज्ञान काय सांगतं बघा. सख्ख्या बहिणींत आईबापांकडून आलेला वारशाचा अंश सुमारे निम्मा सारखा असतो. बाप एक आणि आया दोन असल्या, तर तो सुमारे पाव असतो. आता पाव म्हणजे काही थोडं नव्हे. आजी आणि नात यांच्यातही साधारण तेवढाच असतो. आजीला आपण कधी परकी म्हणतो का? मग बहिणीला का म्हणायचं? पण आपल्या भाषेत 'सावत्र' हा शब्दच असा बसला आहे, की तो उच्चारताच तोंड कडू होतं. कहाण्यांतून सावत्र आई छळणारी, सावत्र बहीण कपटी. खऱ्या आयुष्यात मात्र दोघींनी मिळून एकच नुकसान सोसलेलं असतं.

माझ्या माहितीतल्या एका घरात घडलेलं सांगते. नाव-गाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तुमच्या माहितीत असं दुसरं घर असेलच.

घरधनी वारला. दारूनंच गेला म्हणा ना. मागे बायको, एक मुलगा आणि एक लग्न झालेली मुलगी. दहाव्याच्या दिवशी सगळे नदीवरून परतले, तर अंगणातल्या लिंबाखाली चाळिशीची एक बाई येऊन बसलेली. एसटीनं आलेली, हातात पिशवी, पायात धूळ. ओळख सांगितली तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. घरधन्यानं तरुणपणी पहिली बायको टाकली होती. कागदोपत्री सोडचिठ्ठी नाही, काही नाही. ती माहेरी जाऊन राहिली तेव्हा कडेवर दीड वर्षांची पोर होती. ती पोर म्हणजे ही बाई. बायका कुजबुजल्या, "हिस्सा मागायला आली." भावानं तिच्याकडे पाठ केली. विधवा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

मुलीनं मात्र तांब्याभर पाणी नेऊन दिलं आणि शेजारी बसली. आलेल्या बाईनं पाणी पिऊन विचारलं, "मला त्यांचा चेहरा आठवत नाही. एखादा फोटो असला तर दाखव." भिंतीजवळ पाटावर हार घातलेला फोटो होता. तिनं तो पुष्कळ वेळ बघितला. मग हळूच विचारलं, "तुला कडेवर घेऊन फिरवायचे का गं ते?"

ही मुलगी दहा वर्षांची असल्यापासून बापाला गुत्त्यावरून हाताला धरून घरी आणत होती. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "हो, घ्यायचे."

पुढे ती मला म्हणाली, "मी खोटं बोलले. पण ती इतक्या लांबून आली होती, रिकामी कशी पाठवू? आणि खरं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, मी मुद्दाम लपवते आहे." मला तिचं खोटं बोलणं बरोबर वाटलं की चूक, हे आजही ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी विधवा अखेर दारात आली आणि "जेवून जा" एवढंच म्हणाली, हे खरं.

गोष्ट इथं गोड होऊन संपत नाही. पुढे वारसनोंदीची वेळ आली. भावानं कागद करून आणला, त्यात थोरलीचं नावच नव्हतं. "ती कोण आपली?" म्हणाला. बहिणीला सही करायला सांगितली. वारस इतकेच, दुसरं कुणी नाही, असं शपथेवर लिहून द्यायचं होतं. तिनं सही केली नाही. म्हणाली, "मी तिला माझ्या हातानं पाणी दिलं आहे. आता ती नाहीच, असं शपथेवर कसं लिहू?" थोरलीचं नाव लागलं. भाऊ दोन वर्षं झाली या बहिणीशी बोलत नाही, रक्षाबंधनाला ती जाते तर घरात थांबत नाही. पण दिवाळीत थोरली हिच्या सासरी दोन दिवस राहून जाते. हिला एक माहेर थोडं दुरावलं, आणि तिला एक नवं मिळालं. हिशेब कसा मांडायचा तो तुम्हीच मांडा.

कायदा काय म्हणतो, तेही या निमित्तानं सांगून ठेवते, कारण अज्ञानापोटी घराघरांत पाप होतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या सगळ्या लेकी आणि लेक सारखे वारस. लेक पहिल्या बायकोची की दुसरीची, हा भेद बापाच्या बाबतीत चालत नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मानं हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीनं ठरलं, आणि दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच तशी एक दुरुस्ती करून ठेवली होती, तिच्या काही अटी होत्या एवढंच.

आणि ऐका, यातली खरी गंमत पुढेच आहे. पहिली बायको हयात असताना, घटस्फोटावाचून, दुसरं लग्न केलं असेल, तर ते दुसरं लग्न कायद्यापुढे टिकत नाही. पण त्यातून झालेल्या मुलांचा काही दोष नाही, म्हणून कायदा त्यांना औरस मानतो आणि आईबापांच्या मिळकतीत हक्क देतो. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत बापाचा जो वाटा निघेल, त्यातही त्या मुलांना हिस्सा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या सप्टेंबरात दिला. म्हणजे वरच्या गोष्टीत बघा, लिंबाखाली बसलेल्या बाईचा हक्क मुळातच पक्का होता. ज्यांनी तिला "ती कोण आपली?" म्हटलं, त्यांचाच हक्क कायद्याच्या माणुसकीवर उभा होता. जी माणुसकी आपल्याला मिळाली, ती दुसऱ्याला द्यायला हात आखडता का घ्यावा?

म्हणून मायबहिणींनो आणि दादांनो, माझं एवढंच सांगणं आहे. घरात अशी काही गोष्ट असेल तर ती मुलं कळती झाल्यावर त्यांना शांतपणे सांगून टाका. झाकलेलं कायमचं झाकून राहत नाही. आज ना उद्या कुणी तरी एसटीतून उतरतं, नाही तर विमानातून उतरतं. सेअरच्या आईनं लेकीला वेळेवर सांगितलं असतं, तर बापाचा पत्ता हाती यायला तिला आईच्या मरणाची वाट बघावी लागली नसती.

दुसरं असं, की दारात असं कुणी आलं तर आधी पाणी द्या, जमिनीचं मग बोला. जमिनीचं ठरवायला कायदा आहे, तलाठी आहे, कोर्ट आहे. पाणी द्यायला मात्र तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

आणि तिसरं लेकींना सांगते. बापाच्या वागण्याची फेड एकमेकींकडून मागू नका. त्यानं जे केलं ते त्यानं केलं. तुमच्यापैकी कुणी त्याला दुसरीकडून पळवून आणलं नव्हतं. त्याच्याविषयी रागच असेल तर दोघींनी मिळून राग करा, आठवण येत असेल तर दोघींनी मिळून काढा. त्या माणसाला खऱ्या अर्थानं ओळखू शकेल असं जगात दुसरं कोण आहे? एकीकडे त्याचं असणं आहे आणि दुसरीकडे त्याचं नसणं. दोन्ही जोडल्याशिवाय तो पुरा माणूस दिसत नाही.

त्या दोघींना शेवटी बाप सापडतो का, हे पुतणीनं मला आधीच सांगू दिलं नव्हतं, म्हणून मीही तुम्हाला सांगत नाही. कधी बघायला मिळाली तर बघा. एवढं मात्र सांगते, की मला चौथ्या भागानंतर बाप सापडतो की नाही याची फारशी चिंता उरली नव्हती. त्या दोघी एकाच गाडीत बसून एकाच वाटेनं चालल्या होत्या, तेवढं मला पुरेसं वाटलं.

पुतणी परत जाताना मी त्या शेंगांतले किलोभर दाणे तिच्या पिशवीत घातले. ती म्हणाली, "आत्या, हे तर बियाणं आहे ना?" मी म्हटलं, "असू दे. तुझ्या त्या सूझ-सेअरच्या नावानं समज." ती हसली, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघी फाट्यावर बोलत उभ्या राहिलो.